वर्जिलेल्या पुराणांच्या जागी

फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपल्या परिचयाच्या आहेत. एका इंग्रज जेझुइटाने मराठीला रत्नाची उपमा दिली याचा आपल्याला आनंद होतो आणि बहुधा आपले वाचन तिथेच थांबते. माझ्या मते या ग्रंथाची खरी किल्ली आरंभीच्याच भागातील दुसऱ्या एका प्रसंगात आहे. पाद्री धर्मशिकवण देत असताना श्रोत्यांतला एक ब्राह्मण विचारतो : जुनी पुराणे तुम्ही वर्जिली, मग त्यांच्याजोगे दुसरे पुराण आम्हांला का देत नाही?

वरवर ही भाविकाची मागणी आहे. पण तिच्या पोटात एक कबुलीही आहे. हातातले काहीतरी काढून घेतले गेले आहे. काय काढून घेतले, ते गोव्याचा इतिहास सांगतो. 1560 साली इन्क्विझिशन आले. 1567 साली साष्टीतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे, आदिलशाही मुलखात आश्रयाला गेली. स्टीफन्स 1579 साली गोव्यात पोचले ते या उजाड झालेल्या साष्टीत काम करण्यासाठी. 1616 साली रायतूरला त्यांचा ग्रंथ छापला गेला : ओवी मराठी, लिपी रोमन.

मग याला सहिष्णुता म्हणायचे का? स्टीफन्सची भाषेवरची माया खोटी नव्हती. सुमारे अकरा हजार ओव्या नुसत्या धोरणापोटी लिहून होत नाहीत. पण त्या राजवटीने ओवीला जागा दिली ती ओवीतला देव बदलल्यावर. ही मुभाही टिकली नाही. अवघ्या 68 वर्षांनी, 1684 साली, व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले. धर्माबाबत सोसवेना, त्या सत्तेला पुढे भाषाही सोसवली नाही.

म्हणून ‘क्रिस्तपुराण’ मला समन्वयाचा ग्रंथ वाटत नाही. ते एका पोकळीत उभे राहिलेले थोर काव्य आहे. त्याचा मोठेपणा असा, की ती पोकळी त्याने लपवली नाही. हिरावले गेलेल्या माणसाचा प्रश्न स्वतःच्या दारातच नोंदवून ठेवला. रत्नाच्या ओव्या जरूर म्हणाव्यात. त्यांच्याबरोबर हा प्रश्नही वाचावा.