‘मंडळी’ आणि ‘दरबार’

मराठी बायबलात ख्रिस्ती उपासकसमुदायास ‘मंडळी’ हा शब्द योजिलेला आहे. घरची मंडळी, जमलेली मंडळी अशा नित्य व्यवहारातील आपलेपणा त्यात आहे. परंतु मिशनच्या व्यवस्थेत बाप्तिस्मा व सभासदत्व यांच्या अटीने तो अर्थ संकुचित झाला. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंस त्यात स्थान दिले. राजा एकच, म्हणून प्रजा समान, असा या नावाचा आशय घेता येतो. तथापि दरबारात प्रत्येकाची दृष्टी सिंहासनाकडे लागलेली असते, शेजाऱ्याकडे नव्हे. टिळकांना अभिप्रेत असलेला बंधुभाव व्यक्त करण्यास ‘मंडळी’ हाच शब्द अधिक समर्थ होता. त्याचा मूळचा अर्थ पुन्हा मोकळा करणे, एवढेच आवश्यक होते.