सर्व्हंट म्हणजे कोण?

शाळेत आपल्याकडून समानार्थी शब्द घोकून घेतात. सर्व्हंट या साध्या इंग्रजी शब्दाला मराठीत नोकर, चाकर, सेवक, दास, गडी, हरकाम्या असे पाच-सहा तरी शब्द सापडतात. समानार्थी म्हणजे एकाच्या जागी दुसरा चालतो, असं गुरुजी सांगतात. आमचं म्हणणं असं की चालत नाही. हे शब्द समानार्थी असतील, पण समान मजुरीचे नाहीत. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारून बघा. मोबदला ठरलेला आहे का? कामाची वेळ ठरलेली आहे का? आणि सोडून जाता येतं का?

खानदेशातला सालदार घ्या. आखाजीला त्याचं साल ठरतं. रक्कम ठरते, धान्य ठरतं, उचल मिळते. राबणूक मरणाची, उचल फिटली नाही तर पुढचं सालही त्याच दारात. तरीही पुढच्या आखाजीला दार बदलायची निदान भाषा तरी त्याच्याकडे आहे. म्हणूनच अहिराणीत कोणी जास्त हुकूम सोडला तर माणूस फाडकन म्हणतो, "मी काय तुना बापना सालदार शे का?" म्हणजे सालदार व्हायलाही करार लागतो, हे या भाषेला ठाऊक आहे.

आता येसकर घ्या, तराळ घ्या, राबता महार घ्या. यांचा करार कोणी केला? कोणत्या आखाजीला? सरकारी टपाल पोचवायचं, वसुलाबरोबर तालुक्याला जायचं, वेशीवर राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन परगावी पळायचं. रात्र नाही, दिवस नाही. बाप घरी नसेल तर पोरगा, पोरगा नसेल तर बाई. मोबदला म्हणून बलुतं आणि तुकडाभर वतनाची जमीन. आणि सोडून जायची सोय? वतन वंशपरंपरेचं, म्हणून गुलामीही वंशपरंपरेची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते यासाठीच.

इंग्रज सरकारच्या दप्तरात या सगळ्यांना एकच शब्द होता. सर्व्हंट. आणि गंमत अशी की धुळ्याला बसणारा खानदेशचा कलेक्टरही सर्व्हंटच. तो सिव्हिल सर्व्हंट. वरिष्ठाला पत्र लिहिताना शेवटी स्वतःला 'मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट' म्हणवून सही करायची, ही त्या काळची रीतच होती. १८६० च्या दंडसंहितेत तो पब्लिक सर्व्हंट, ज्याचं मराठी 'लोकसेवक'. आणि त्याच्या घोड्यापुढे पळणारा महार? तो इन्फिरिअर व्हिलेज सर्व्हंट. शब्द एकच, पण मागचं विशेषण माणसाची किंमत ठरवतं. एकाला पगार, रजा, पेन्शन. दुसऱ्याला शिळी भाकर.

हे इन्फिरिअर मराठीत कसं आलं ते बघण्यासारखं आहे. पाटील-कुलकर्ण्याच्या खालच्या दर्जाचं गावकीचं प्रत्येक वंशपरंपरागत पद म्हणजे इन्फिरिअर, असं १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याच्या व्याख्येत आहे. मराठीत तो 'कनिष्ठ' गाववतनांचा कायदा झाला. आता कचेरीत कनिष्ठ लिपिकही असतो. पण तो ज्युनिअर. तो उद्या वरिष्ठ होतो. येसकर कोणत्या जन्मी वरिष्ठ होणार होता? इंग्रजीनं तोंडावर खालचा म्हटलं. मराठीनं कनिष्ठ म्हणून तीच शिवी सोवळ्यात गुंडाळली. पांढरपेशा भाषांतरकाराला हे दोन कनिष्ठ वेगळे आहेत हे जाणवलंच नाही, कारण त्याच्या घरात एकच कनिष्ठ होता, कचेरीत जाणारा.

सर्व्हंटचा आणखी एक अर्थ आहे, मानाचा. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली. पुणे करारानंतर १९३२ साली गांधीजींच्या प्रेरणेनं निघालेल्या संघाचं एक नाव सर्व्हंट्स ऑफ अनटचेबल्स सोसायटी असं होतं. पुढे तो हरिजन सेवक संघ झाला. अस्पृश्यांचे हे सेवक, पण कारभारात अस्पृश्यांना जागा नाही! प्रायश्चित्त सवर्णांचं, म्हणून कारभारही त्यांचाच, असा गांधीजींचा युक्तिवाद. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात त्याचा समाचार घेतला आहे. मालकाला हुकूम सोडणारा सेवक जगात फक्त इथेच सापडतो.

इथे कोणी साने गुरुजींचं नाव काढील. काढावंच. गुरुजी अमळनेरचे, म्हणजे आपल्याच मुलखात वावरलेले. १९४७ साली पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून ते उपोषणाला बसले. त्यांच्या सेवेच्या सच्चेपणाबद्दल आम्हांला शंका नाही. पण त्यांच्याच आयुष्यात अर्थ उघड होतो. १९३० साली शाळेची नोकरी सोडून ते चळवळीत गेले. नोकरी सोडता आली म्हणून सेवा पत्करता आली. आमच्या बापजाद्यांना जे सोडताच येत नव्हतं त्याला कोणी सेवा म्हणालं, तर तो शब्दाचा चोरबाजार आहे.

चाकरीतही पायऱ्या आहेत आणि सगळ्यांत खालची पायरी आमच्यासाठी राखलेली, हे चाळीसगावला दिसलं. २३ ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब स्टेशनवर उतरले. महारवाड्यात न्यायला टांगा हवा होता, पण अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी आपल्यातलाच एक, टांगा हाकायची सवय नसलेला, पुढे बसला. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त त्यांनी ही हकिकत लिहिली. भाड्यानं कोणालाही नेणारा टांगेवालाही स्वतःला बॅरिस्टर अस्पृश्यापेक्षा वरचा समजतो, हा त्यांचा निष्कर्ष. सर्व्हंटचा हा अर्थ ऑक्सफर्डच्या कोशात नाही, चाळीसगावच्या मोरीवर आहे.

हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणेल. मग सरकारचे नवे शब्द बघा. अलीकडे तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. २०२४ साली ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, म्हणजे त्यानं सेवक टाकला आणि अधिकारी घेतला. आणि कोतवाल, जो वतन गेल्यावर येसकराच्या जागी गावात उभा राहिला? त्याचा महसूल सेवक झाला! वर्षानुवर्षं त्यानं मागितली चतुर्थश्रेणी, हातात पडला सेवक. शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर, मग शिक्षक झाला की वेतन. अंगणवाडी सेविका, तिलाही मानधन. जिथे पगार द्यायचा नसतो तिथे सरकारला सेवा आठवते. मानधन म्हणजे मान तुमचा, धन आमच्याकडे.

हे आपल्या लेखकांनाही सांगायचं आहे. दया पवारांनी १९७८ साली आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिलं. २०१५ साली ते इंग्रजीत गेलं तेव्हाही नाव 'बलुतं'च राहिलं. शंकरराव खरातांनी १९८१ साली 'तराळ-अंतराळ' लिहिलं. समीक्षक अशा शब्दांकडे बोलीचा गोडवा म्हणून पाहतात. गोडवा कसला? हे हिशेबाचे शब्द आहेत. बलुतं म्हटलं की किती काम आणि किती दाणे हे समोर येतं. सेवक म्हटलं की हिशेब पुसला जातो. तरीही आपल्यातले काही कवी 'माझ्या बापानं गावाची सेवा केली' असं लिहितात. बापानं सेवा केली नाही. बापाकडून काम करून घेतलं. कर्ता कोण ते लिहा.

धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. ते स्वतः १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांनी मराठी शब्दांची मुळं धातूत शोधली. आपल्याला ती खळ्यात शोधायची आहेत. जळगाव-धुळ्याच्या गावागावांत अजून म्हातारी माणसं आहेत. त्यांना विचारा, पाळी कशी लागायची, राबता म्हणजे नेमकं काय, खळ्यावर किती पायल्या मिळायच्या, नाही म्हटलं तर काय व्हायचं. शब्द लिहा आणि शेजारी हिशेब लिहा. चार ओळींचं का होईना, पाठवा. पुढच्या अंकात छापू.