मुखपृष्ठाचा नायक

ज्याने कादंबरी लिहिली नाही आणि तिचे चित्रही काढले नाही, अशा मनुष्याच्या चरित्राशी वाङ्मयीन मासिकाला काय कर्तव्य आहे, असा प्रश्न काही वाचक आम्हांस विचारतील. फाबिओ लांझोनी हे नाव येथे घेण्याचे कारण इतकेच की, अमेरिकेतील प्रणयकादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर या गृहस्थांची आकृती झळकू लागल्यावर ग्रंथ, ग्रंथकर्ता आणि वाचक यांच्या नात्यात जी उलथापालथ झाली, ती विचार करण्याजोगी आहे.

१९७२ साली कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही कादंबरी एव्हन या प्रकाशनसंस्थेने स्वस्त कागदी बांधणीत काढली, आणि तेथून ऐतिहासिक पार्श्वभूमीच्या दीर्घ प्रणयकथांचे पेव फुटले. ही पुस्तके किराणा मालाच्या व औषधांच्या दुकानांतील मांडण्यांवरही विकली जात. गिऱ्हाइकाची नजर तेथे क्षणभर ठरावयाची. तेवढ्यात मुखपृष्ठाने आपले काम साधावयाचे. म्हणून आलिंगनबद्ध नायक-नायिकेचे चित्र हा एक ठराविक साचाच बनला. या साच्याला जो पुरुष हवा होता तो फाबिओंच्या रूपाने मिळाला. १९५९ साली मिलान शहरी जन्मलेला हा उंच, रुंद छातीचा, खांद्यांवर केस रुळणारा तरुण पुढे अमेरिकेत आला आणि १९८० नंतरच्या दशकात शेकडो मुखपृष्ठांवर दिसू लागला.

या मुखपृष्ठांची रीत अशी : मॉडेल छायाचित्रकारापुढे उभा राहावयाचा, आणि त्या छायाचित्रावरून चित्रकाराने रंगीत चित्र सिद्ध करावयाचे. समुद्र, गलबत, वादळी आकाश, नायिकेच्या रेशमी वस्त्राच्या चुण्या, हे सारे चित्रकाराच्या पदरचे. इलेन ड्युइलो आणि मूळचे इटलीचे पिनो यांचा या कामात हातखंडा होता. त्यांची चित्रे केवळ बाजारी म्हणून झिडकारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. वस्त्राची झळाळी आणि केसांवरील प्रकाश यांत कसलेला हात स्पष्ट दिसतो. परंतु कीर्ती गेली ती मॉडेलच्या वाट्याला. मराठी वाचक दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ दुरूनही ओळखतो. चित्रासाठी समोर कोण बसले होते, हे तो विचारीत नाही. तिकडे नेमके उलटे झाले. आज समुद्रचाचा, उद्या सरदार, अशी सोंगे बदलली तरी आतला फाबिओ ओळखू येई, आणि लेखिकेने शब्दांनी घडविलेला नायक त्याच्या आड दडून जाई.

याची परिणती १९९३ साली झाली. ‘पायरेट’ नावाची कादंबरी निघाली, आणि तिचा ग्रंथकर्ता म्हणून फाबिओंचे नाव छापले गेले. लेखनाचे श्रम मात्र युजीनिया रायली या कादंबरीकर्त्रीचे होते. मुखपृष्ठ हा ग्रंथाचा उंबरठा. येथे उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नावे घरच करून देण्यात आले! आमचा आक्षेप फाबिओंच्या व्यवसायावर नाही. देहाचे सौष्ठव राखून त्यावर उपजीविका करणे यात कमीपणा तो कसला? आक्षेप आहे तो जिने शब्द जुळविले तिला मागे सारून चेहऱ्याला कर्तृत्व बहाल करणाऱ्या व्यापारनीतीवर.

तथापि या प्रकरणात सर्वांत मोठा अन्याय झाला तो वाचक स्त्रियांवर. असली मुखपृष्ठे पाहून भाळणाऱ्या त्या भोळ्या बायका, असा शेरा मारून पुष्कळ टीकाकार मोकळे झाले. १९८४ साली जॅनिस रॅडवे या विदुषींनी ‘रीडिंग द रोमान्स’ या ग्रंथात असल्या कादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांचेच म्हणणे ऐकून घेतले. नवरा, मुले आणि घरकाम यांच्या रगाड्यात पुस्तक उघडणे म्हणजे ‘हा वेळ माझा’ असे सांगणे होय, हा त्या म्हणण्याचा गाभा. अशा विसाव्याने मूळचे दुःख हलते की नुसतेच सोसवते, हा प्रश्नही रॅडवे यांनी टाळला नाही. दुपारी माजघरात कादंबरी घेऊन बसलेल्या सुनेला आपल्याकडेही टोमणे काही थोडे मिळालेले नाहीत. तिच्या हातात काय आहे हे सर्वांनी पाहिले. ती काय शोधीत आहे हे फारच थोड्यांनी विचारले. तिकडे प्रकाशकांनी पुढे एक युक्ती काढली : बाहेर फुले किंवा नुसती नक्षी, आणि आतल्या पानावर आलिंगनाचे चित्र. चारचौघांत पुस्तक उघडताना वाटणारा संकोच दूर करण्याचा तो उपाय होता. संकोच पुस्तकाचा नव्हता, पाहणाऱ्यांच्या हसण्याचा होता.

या हसण्याचा प्रसाद खुद्द फाबिओंनाही मिळाला. १९९९ च्या मार्चमध्ये व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे ‘अपोलोचा रथ’ या नावाच्या उंच आकाशगाडीच्या उद्घाटनफेरीस ते बसले असता एक उडता पक्षी तोंडावर आदळला, आणि रक्ताळलेल्या चेहऱ्याने ते खाली उतरले. वास्तविक हा जिवावरचा प्रसंग. पण त्याची वर्षानुवर्षे थट्टाच झाली. चित्रातल्या नायकाची जखम शौर्याची, आणि हाडामांसाच्या माणसाची मात्र विनोदाची! फाबिओंनी नंतर जाहिरातींतून आणि ‘झूलँडर’ या २००१ सालच्या चित्रपटातून स्वतःच्या प्रतिमेची स्वतःच गंमत केली. जगाने हसण्यापूर्वी आपणच हसावे, हे शहाणपण त्यांना साधले होते.

त्या मांडण्यांवरून उतरलेल्या कादंबऱ्यांत टाकाऊ पुष्कळ असतील. परंतु टाकाऊ ठरवावयाच्या तर त्या वाचून ठरवाव्यात. मुखपृष्ठावरील पुरुषाचे केस मोजून नव्हे. लेखिकेला तिचे नाव, चित्रकाराला त्याचे श्रेय आणि वाचक स्त्रीला तिची दुपार, एवढे ज्याचे त्याला परत केले, तर फाबिओंच्या पदरी त्यांचे देखणेपण उरतेच. आणि ते त्यांच्याकडून कोणी हिरावून घ्यावे, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.