कोरम आणि देहोपस्थिती

आमच्या वरवट बकालला ग्रामसभा तहकूब झाली, की पारावर एकच बोलणे : ‘कोरम पुरा झाला नाही.’ शब्द अस्सल लॅटिन; अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. इंग्रजीने तो जसाच्या तसा घेतला, आम्ही इंग्रजीकडून. ‘गणपूर्ती’ बिचारी कागदावरच राहिली. राहू द्या, कोरम आता मराठीच झाला आहे.

पण संविधानाचा ३२ वा अनुच्छेद पाहावा. ‘हेबिअस कॉर्पस’ म्हणजे अटकेतला माणूस न्यायाधीशापुढे उभा करण्याचा हुकूम. मराठीत त्याची ‘देहोपस्थिती’ झाली. लॅटिनचे कुलूप काढून संस्कृतचे लावले! ‘माणूस हजर करा’ यात काय उणे होते? १९७६ साली, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने ही वाटच बंद केली; पाचांत एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोध नोंदवला. आपले काय गेले, हे ज्यांचे माणूस आत होते त्या घरांना तरी या शब्दावरून कळले असते काय?

‘को वॉरंटो’चा ‘क्वाधिकार’ मात्र झकास साधला आहे, कानालाही आणि अर्थालाही. पण ‘सर्शिओराराय’? इंग्लंडात २००४ साली त्याचा साध्या इंग्रजीत ‘रद्द करणारा हुकूम’ झाला. आमच्याकडे ते अजून ‘प्राकर्षण’च आहे.