बीडच्या आरोग्यपत्रकात नसलेला रकाना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) बीड जिल्ह्याचे माहितीपत्रक शिक्षकांनी एकदा तरी वर्गात उघडावे असे आहे. मोजक्या पानांत १०४ निर्देशक दिले आहेत. लसीकरण, मुलांचे वजन व उंची, स्वयंपाकाचे इंधन, आयोडीनयुक्त मीठ, रक्तक्षय असे पुष्कळ काही त्यात सापडते. छापलेल्या आकड्यात किती बळ असते, हेही या पत्रकाने दाखवून दिले. २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींची लग्ने अठराव्या वर्षाआधी झालेली होती. बीडमध्ये बालविवाह होतात हे गावोगावी ठाऊक होतेच. पण त्याचा आकडा झाला, तेव्हा त्यावर बोलणे टाळता येईना.

म्हणूनच या पत्रकात काय नाही, हेही पाहिले पाहिजे. मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण त्यात नाही. आमचा आक्षेप या उणिवेवर आहे.

शिसे मोजायचे कशासाठी? शिशाचा शरीराला काहीही उपयोग नाही. तरीही कॅल्शियमशी साधर्म्य असल्याने ते शरीरात शिरकाव करते आणि हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस साधारण दहावा हिस्सा शोषून घेतो, तर लहान मूल जवळजवळ निम्मे. शिशामुळे वाढत्या मेंदूची हानी होते, मोठेपणी रक्तदाब वाढतो आणि हृदयविकाराचा धोका संभवतो. अमुक इतके शिसे निर्धोक, अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटनेला ठाऊक नाही. २००५ साली अनेक देशांतील मुलांच्या नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात असे आढळले, की रक्तातील शिसे दर डेसिलिटरला २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर गेले की बुद्ध्यंक सुमारे ३.९ गुणांनी घटतो. पुढे १० वरून २० वर जाताना मात्र सुमारे १.९ गुणांनीच. म्हणजे जे थोडेसे शिसे कोणाच्या लक्षातही येत नाही, तेच तुलनेने अधिक नुकसान करते. असे मूल आजारी दिसत नाही. ते ‘मंद’ किंवा ‘चंचल’ दिसते, आणि शाळा त्याच्यावर तसा शिक्का मारून मोकळी होते.

पत्रकातील रक्तक्षयाच्या रकान्याशीही शिशाचे नाते आहे. शरीरात लोह कमी असले, की आतडी शिसे अधिक शोषतात. आणि शिसे हिमोग्लोबिन बनण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. याच फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय असल्याचे दिसले. ज्या मुलांना शिशाचा धोका अधिक, त्यांचे बोट टोचले गेले, रक्ताचा थेंब घेतला गेला, पण त्यातले शिसे कोणी पाहिले नाही.

हे अशक्य होते असेही नाही. याच पाहणीच्या दुसऱ्या फेरीत, १९९८-९९ मध्ये, मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे मोजले होते. चारांपैकी तीन मुलांमध्ये ते ५ ते २० मायक्रोग्रॅम आढळले. काहींमध्ये त्याहूनही अधिक. त्या काळी शिशाचा मोठा मार्ग म्हणजे पेट्रोलचा धूर. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि प्रश्न मिटल्यासारखे वाटले. पण उरलेले मार्ग शहरापुरते नाहीत. वाहनांच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या, दारेखिडक्यांवरचा जुना रंग, भेसळीची हळद, कल्हईतले शिसे आणि पारंपरिक शेंदूर (हे तर शिशाचेच ऑक्साइड) यांना खेडे वर्ज्य नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असावे असे म्हटले. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये २०१९ सालापुरते जगाचे नुकसान सहा लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या सुमारे ६.९ टक्के, असे मांडले. हे आकडे मोठे आहेत, पण ते गणिती अनुमानाचे आहेत. शिवाय बुडालेल्या भावी कमाईवरून बुद्धीची किंमत काढली, की ऊसतोड मजुराच्या मुलाचे नुकसान श्रीमंत देशातल्या मुलापेक्षा ‘स्वस्त’ ठरते. या हिशेबातून बीडमधल्या एकाही गावाची स्थिती कळत नाही.

तपासणी खर्चाची आहे, आणि पाहणीत सर्वच गोष्टी घालता येत नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु घरोघर तपासणी कोणी मागत नाही; जिल्ह्यातील काही शे मुलांचा नीट निवडलेला नमुना पुरेसा आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत तीव्र रक्तक्षय आणि अध्ययन-अक्षमता दोन्ही आहेत, शिसे नाही. परिणाम तपासायचे आणि एक संभाव्य कारण सोडून द्यायचे, ही पद्धत शास्त्रीय म्हणता येणार नाही.

तोवर शाळेला करता येण्यासारखे थोडे आहे, पण ते व्हावे. शाळेच्या दारेखिडक्यांचा जुना रंग मुलांदेखत कोरडा खरवडू नये. नवा रंग घेताना शिशाची ९० पीपीएमची मर्यादा (१ नोव्हेंबर २०१७ पासून लागू) पाळली आहे का ते विचारावे. बॅटरी फोडणाऱ्याकडे न देता विक्रेत्याकडे परत द्यावी. जेवणाआधी, आणि शेंदूर हाताळल्यावर, हात साबणाने धुवावेत. आहारात लोह व कॅल्शियम असावे. वर्गात शिसपेन्सिल हातात घेऊन सांगावे, की हिच्यात शिसे मुळीच नाही, ग्रॅफाइट आहे. आणि जिथे शिसे खरोखर आहे अशा घरातल्या वस्तूंची यादी मुलांकडून करून घ्यावी. ती यादी ग्रामसभेत वाचावी, आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे नमुना तपासणीची लेखी मागणी करावी. १०५ व्या रकान्याची सुरुवात तेथून होऊ शकेल.