शब्द कोणाच्या कानांनी ऐकावा?

१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या इंदुरात विनोदकार मुनव्वर फारुकी यांना अटक झाली. आक्षेपार्ह ठरवलेले विनोद त्या प्रयोगात उच्चारलेच गेले नव्हते, असे बचावपक्षाचे म्हणणे. तरी सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेतो महिना उलटला. मग नोंद झाली ती शब्दांची, की श्रोत्यांच्या रोषाची? शब्द विचारी, खंबीर माणसाच्या मापाने तोलावा, ही कसोटी न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४६ सालीच नागपुरास घालून दिली होती. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढींच्या कवितेवरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीच उचलली. गुन्हा नोंदवण्यापूर्वी पोलिसाने शब्द वाचावा वा ऐकावा, असेही बजावले. समीक्षकाचे हे प्राथमिक काम आता ठाणेदारावर आले! मात्र नव्या संहितेतील प्राथमिक चौकशीची सोय तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच, आणि तीही वरिष्ठांच्या परवानगीने.