बर्फाचा चुरा, बर्फाचा खडा आणि ‘गैरसमज’

आधी एक प्रश्न. उत्तर मनाशी पक्कं करा आणि मगच पुढे वाचा. दोन पातेल्यांत एकेक लिटर पाणी आहे, ३२ अंशांचं. एकात २०० ग्रॅमचा बर्फाचा एकच खडा टाकला, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा चुरा. सगळा बर्फ वितळला की कोणतं पाणी जास्त गार?

आमच्या सुप्यात पुणे-नगर रस्त्यावरच्या कुठल्याही रसवंतीवर विचारा, चुराच म्हणतील. पुस्तक म्हणतं, दोन्ही सारखीच, साधारण १३ अंश. बर्फ वितळताना पाण्यातली किती उष्णता घेईल हे त्याच्या वजनावर ठरतं. चुऱ्याचा पृष्ठभाग मोठा म्हणून तो *लवकर* गार करतो, *जास्त* गार करत नाही.

वेग आणि प्रमाण यांची ही गल्लत इंजिनिअरिंगच्या मुलांमध्येही असते, उष्णतेचा पेपर पास झाल्यावरसुद्धा. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातले प्रिन्स, व्हिजंट आणि नॉटिस यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. ३६ प्रश्नांची एक चाचणी (२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली), आणि गल्लत मोडायला छोटे छोटे प्रयोग. पद्धत अशी: मुलांनी आधी अंदाज लिहायचा, मग प्रयोग करायचा, मग अंदाज का चुकला ते स्वतःच्या शब्दांत मांडायचं.

यातला पहिला टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००४ मध्ये क्राउच, मझूर वगैरेंनी हार्वर्डमध्ये दाखवलं की वर्गात प्रयोग नुसता बघणारी मुलं, तो न बघितलेल्या मुलांपेक्षा फारशी पुढे जात नाहीत. आधी अंदाज बांधणारी जातात. आता आपली प्रॅक्टिकल्स आठवा. मी एमएस्सीला असताना जर्नलमध्ये निष्कर्ष आधी लिहिलेला असायचा, सीनियरच्या जर्नलवरून. रीडिंग नंतर त्याला ‘जुळवून’ घ्यायची. प्रयोग भरपूर केले, चुकायची संधी एकदाही मिळाली नाही.

म्हणून मी या संशोधनाची चाहती होते. मे महिन्यात घरी आले तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाला असलेल्या चुलतभावावर ते करून बघायचं ठरवलं.

त्यानं कागदावर लिहिलं, ‘चुरा’. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही बर्फ तोलले, थर्मामीटर लावले, सारखंच ढवळत बसलो. आणि चुऱ्याचं पाणीच जास्त गार निघालं! दीडेक अंशानं. “ताई, बोललो होतो ना,” म्हणून तो माठाकडे गेला.

दुपारी अडीच वाजता, पत्र्याखाली, उघड्या स्टीलच्या पातेल्यात दुसरं काय होणार? खडा वितळायला जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ बाहेरची उष्णता आत येत राहते. चुरा तिला वेळच देत नाही. म्हणजे निसर्गानं बरोबर उत्तर दिलं, फक्त माझ्या प्रश्नाचं नाही. मी गैरसमज दुरुस्त करायला गेले आणि तो साक्षीपुराव्यासह पक्का करून आले.

माझा पहिला आक्षेप इथे आहे. असल्या प्रश्नांमध्ये ‘उष्णतारोधक भांड्यात’ हे शब्द असतात आणि सगळा भार तेच पेलतात. ते शब्द मुलगा वाचतो, पण त्याच्या अनुभवात तसं भांडंच नसतं. तो उघड्या पातेल्याचं उत्तर देतो. त्याला आपण गैरसमज म्हणतो. उघड्या पातेल्यापुरतं ते उत्तर बरोबर आहे की! स्मिथ, डिसेसा आणि रोशेल यांनी १९९३ मध्येच सांगितलं होतं की अशा कल्पना उपटून टाकायच्या नसतात, त्या कुठे लागू पडतात हे शोधून त्यांच्यावरच पुढचं बांधायचं असतं. ‘दुरुस्ती’ या शब्दात हे दिसत नाही.

दुसरा आक्षेप चाचणीवर. प्रयोग आणि चाचणी एकाच चमूची, एकाच चार-पाच कल्पनांभोवती फिरणारी. बर्फाचा प्रयोग करून बर्फाच्या प्रश्नात गुण वाढले तर आनंदच आहे. पण हाच मुलगा उद्या एमआयडीसीत हीट एक्सचेंजरसमोर उभा राहिला तर वेग आणि प्रमाण वेगळं करेल का, याचं उत्तर मला त्या गुणांत सापडत नाही.

असो. संध्याकाळी थर्माकोलचे दोन खोके आणले, पातेली आत ठेवली, झाकणं लावली. फरक अर्ध्या अंशाच्याही खाली गेला. या वेळी भाऊ उठून गेला नाही. आधी रसवंतीवाल्याची बाजू घेतली: त्याला गिऱ्हाईक दोन मिनिटांत उठवायचंय, त्याला वेगच हवा, तो काही चुकत नाही. बरोबर आहे. मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “डिसेंबरात पहाटे अंगणात, उघड्या पातेल्यात केलं तर? पाणी हेच, ३२ अंशांचं, पण बाहेर दहा. मग खड्याचं पाणी जास्त गार निघेल?”

हा प्रश्न माझ्या आराखड्यात नव्हता. उत्तर मी सांगितलेलं नाही. त्यानं अंदाज लिहून कागद फ्रीजवर चिकटवलाय, आणि शेजारी मलाही माझा लिहायला लावलाय.